उभी राहिलेली मर्सिडीज

प्रश्न : वडिलांनी १९९६ साली घेतलेली मर्सिडीज ई २२० आमच्या पोर्चमध्ये चार वर्षांपासून उभी आहे. वडील गेल्यावर ती कुणी बाहेर काढली नाही. दोन गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडलं, पाहिलं आणि सांगितलं, ‘हिचे पार्ट मिळत नाहीत, भंगारात द्या.’ शेतातले पंप आणि ट्रॅक्टर मी स्वतः उघडतो, हाताला कामाची सवय आहे. ही गाडी घरी चालू करून सांभाळता येईल का, की हा हट्ट सोडून द्यावा? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : हट्ट सोडू नका. पंप उघडणाऱ्या माणसाला ही गाडी लवकर समजेल. तिचा प्रत्येक भाग कशासाठी आहे ते बघून कळतं, आणि उघडलेला भाग पुन्हा बसवता यावा अशा बेताने ती बांधलेली आहे. बॉनेटचंच पाहा. नेहमीच्या उंचीवर ते उघडल्यावर बिजागरीजवळचा खटका सोडला की ते सरळ उभं राहतं, भिंतीसारखं. मिस्त्रीला वाकून डोकं आत घालावं लागू नये, एवढ्यासाठी केलेली ती सोय आहे.

तुमच्याकडे आहे ते मर्सिडीजचं ‘डब्ल्यू १२४’ मॉडेल. जर्मनीत ते १९८४ च्या अखेरीस आलं. १९९४ साली मर्सिडीजने टाटांच्या टेल्कोबरोबर भारतात कंपनी काढली आणि १९९५ पासून पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, ही गाडी जुळू लागली. सुटे भाग जर्मनीहून पेट्यांतून येत आणि इथल्या कामगारांच्या हातून गाडी उभी राही. म्हणजे तुमच्या वडिलांची जर्मन गाडी सांगलीपासून अडीचशे किलोमीटरच्या आत जन्मली. १९९५ सालीच जर्मनीत गोल दिव्यांची पुढची पिढी बाजारात आली होती, त्यामुळे ‘भारताला जुनं मॉडेल दिलं’ अशी नाराजी तेव्हा होती. आज मात्र ते जुनं मॉडेल मालकाच्या पथ्यावर पडलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या पिढीत इलेक्ट्रॉनिक्स वाढलं आणि तिचा पत्रा गंजण्याबद्दल बदनाम झाला. तुमच्या गाडीचा पत्रा अजून धड असेल, तर निम्मी लढाई जिंकलेलीच आहे.

पार्ट मिळत नाहीत हे खरं नाही. जगभरात या मॉडेलच्या पंचवीस लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या, त्यामुळे सुट्या भागांचा बाजार अजून जिवंत आहे. ते सांगलीत काउंटरवर मिळणार नाहीत, एवढंच. मर्सिडीजच्या प्रत्येक भागावर ‘ए’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि बहुतेक वेळा त्यातले पहिले तीन आकडे गाडीचं किंवा इंजिनाचं मॉडेल सांगतात. १२४ ने सुरू होणारा भाग या गाडीसाठी घडवलेला, १११ ने सुरू होणारा तिच्या पेट्रोल इंजिनचा. एक जाड वही घ्या. पहिल्या पानावर चॅसी नंबर आणि इंजिन नंबर लिहा. पुढे जो भाग काढाल त्याचा क्रमांक, तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर. पुण्या-मुंबईच्या दुकानदाराला फोनवर ‘खालचं ते रबर’ म्हणण्याऐवजी क्रमांक सांगितलात की बोलणंच बदलतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चावी फिरवू नका. दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून ‘बघू तरी चालू होते का’ हा मोह तर मुळीच नको.

त्याचं कारण या गाडीच्या वायरिंगमध्ये आहे. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात मर्सिडीजने इंजिनच्या वायरिंगला, पर्यावरणाला त्रास होऊ नये म्हणून, लवकर विघटन होणारं आवरण वापरलं. इंजिनच्या उष्णतेने ते आवरण काही वर्षांत वाळतं आणि बिस्किटासारखं तुटून पडतं. आतली तांब्याची तार उघडी पडते, दोन तारा एकमेकींना टेकतात. त्यात चावी दिली की इंजिनचा संगणक किंवा थ्रॉटलची मोटर जळू शकते. माझ्या ओळखीच्या एका घरी नेमकं हेच झालं. हजार-दोन हजारांचं वायरिंगचं काम टाळायला गेले आणि संगणकाचा डबा शोधत वर्ष गेलं. गाडी तेवढा काळ पुन्हा उभीच.

म्हणून आधी बॅटरीच्या वायरी काढून ठेवा आणि बॉनेट सरळ उभं करून चांगल्या उजेडात वायरिंग तपासा. बाहेरचं काळं वेष्टण धड दिसतं, त्यावर जाऊ नका. जिथे वायर कनेक्टरमध्ये शिरते तिथलं रबर हलकेच मागे सारा आणि आतली एकेक बारीक वायर बोटाने किंचित वाकवा. आवरणाला तडा गेला, किंवा खाली रंगीत भुकटी पडली, तर ते पूर्ण वायरिंग बदलायचं. टेप गुंडाळून हा रोग बरा होत नाही. तयार नवं वायरिंग मागवता येतं. नाहीतर धीराचा ऑटो इलेक्ट्रिशियन गाठायचा, जुनं वायरिंग आख्खं काढून टेबलावर पसरायचं आणि उष्णता सहन करणारी वायर घेऊन रंगाला रंग जुळवत एकेक तार नवी ओढायची. दोन-तीन दिवसांचं काम आहे. तुम्ही जवळ बसून हातभार लावलात तर पुढची वीस वर्षं ही गाडी तुम्हाला आतून माहीत असेल. शेजारी ऊस असेल तर उंदरांनीही आपली हजेरी लावलेली असणार, तेही याच वेळी कळेल.

वायरिंग झाल्यावर पेट्रोल. चार वर्षांचं पेट्रोल काढून टाका. त्याला आंबट वास येत असेल तर टाकीतली जाळी आणि मागच्या चाकाजवळ गाडीच्या पोटाखाली असलेला फिल्टरही बदला. या लाइनमध्ये दाब असतो, म्हणून सांधा एकदम सोडू नका, चिंधी गुंडाळून हळू सोडा. हे काम मोकळ्या हवेत आणि गॅसच्या गिझरपासून लांब करा. मग स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, आणि सकाळी पुढच्या पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून इंजिन हाताने फिरवा, घड्याळाच्या दिशेने. सहज फिरलं तर इंजिन जिवंत आहे. ऑइल आणि फिल्टर नवे घाला, आणि त्यानंतरच बॅटरी लावा.

फ्यूजच्या डब्यात तुम्हाला दोन्ही टोकांना निमुळते, गोळीसारखे फ्यूज दिसतील. एक दिवा लागत नाही, हॉर्न मध्येच बंद पडतो, पंखा कधी चालतो कधी नाही, अशा निम्म्या तक्रारी या फ्यूजच्या टोकांवर चढलेल्या गंजाच्या थरामुळे असतात. प्रत्येक फ्यूज बोटाने जागच्या जागी चार वेळा गोल फिरवा. जुने ॲल्युमिनियमच्या पट्टीचे असतील तर तांब्याच्या पट्टीचे घ्या. या कामाला पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि गाडीचा अर्धा ‘इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम’ तिथेच संपतो.

पाण्याबद्दल मी आग्रहाने लिहितो, कारण आपल्या भागात इथेच चूक होते. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. कृष्णाकाठच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात हे तुमच्या शेतानेच तुम्हाला सांगितलं असेल. या इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि क्षाराच्या पाण्याने ते आतून खाल्लं जातं. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला’ असं म्हणणारे भेटतील. कूलंट गोठण्यापासून वाचवतं तसं गंजण्यापासूनही वाचवतं, आणि आपल्याला ते दुसऱ्या कामासाठी हवं आहे. बाटलीतलं शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. रेडिएटरची वरची नळी जिथे बसते ते प्लॅस्टिकचं तोंड जुनं झालं की ठिसूळ होतं आणि घाटात तुटतं. त्यावर केसाएवढी चीर दिसली तरी रेडिएटर बदला. गाडी चालताना तापमानाचा काटा ८० आणि १०० च्या मधे राहिला तर घाबरायचं कारण नाही.

या गाडीचं वय किलोमीटरवर मोजू नका. मीटरवर साठ हजार दिसले तरी तिचं रबर तीस वर्षांचंच आहे. इंजिन आणि गिअर बॉक्स लाखो किलोमीटर चालतात, पण रबर उभ्या-उभ्या मरतं. ॲक्सिलरेटर सोडताना-दाबताना गाडीच्या मधून ‘टक’ असा आवाज आला, तर प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना असलेल्या रबरी चकत्या पाहा. चकतीच्या भोकांभोवती चिरा असतील तर ती बदला, आणि तिचे लॉकिंग नट जुने परत लावू नका. पुढच्या खालच्या आर्मचे बुश, इंजिनखालचे माउंटिंग, ब्रेकच्या रबरी नळ्या, हे सगळं याच यादीत येतं. इथे काटकसर करू नका. बाजारात ओतून मिळणारं लोकल रबर एका पावसाळ्यात पसरतं. ज्या कंपन्या मूळ कारखान्याला भाग पुरवत, जसं लेमफोर्डर, साक्स, बॉश, त्यांचाच माल घ्या.

धातूच्या कामाबाबत मात्र तुम्ही भाग्यवान मुलखात आहात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, ती तुमच्याच जिल्ह्यात. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. तो लोखंडी नांगरापासून डिझेल इंजिनांपर्यंत गेला, आणि हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. या दोन कारखान्यांनी आणि शेजारच्या कोल्हापूरच्या फाउंड्रींनी या पट्ट्यात तीन-चार पिढ्यांचे टर्नर-फिटर घडवले आहेत. कुपवाडच्या किंवा मिरजेच्या एमआयडीसीतला चांगला लेथवाला तुमचं ब्रेक डिस्क फेसिंग, हेड सपाट करणं, झिजलेल्या ब्रॅकेटला बुश मारणं हे बड्या शहरातल्या तोडीचं करून देईल. त्याला फक्त माप लागतं, आणि ते तुमच्या वहीत असलं पाहिजे.

दोन कामं घरी करू नका. पहिलं, पुढच्या स्प्रिंगा. या गाडीत त्या खूप दाबून बसवलेल्या असतात. त्यांना आतून पकडणारं खास अवजार लागतं, नेहमीच्या बाहेरच्या पकडीने त्या काढताना स्प्रिंग सुटली तर जीव जाईल. दुसरं, एसीचा गॅस. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, एका मिनिटासाठीही नाही. जॅक स्टँड दोन्ही बाजूंना, तेही काँक्रीटवर. पोर्चमधल्या पेव्हिंग ब्लॉकवर स्टँडखाली जाड फळी घाला. चाकांना इथे नट नसून बोल्ट असतात. ते टॉर्क पान्याने ११० न्यूटन-मीटरला आवळा, पान्यावर उभं राहून नको. टायर १९५/६५ आर १५, हा आकार अजून सहज मिळतो. जुन्या टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांवरचा टायर घेऊन हायवेला जाऊ नका. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं, म्हणून गाडी चालो न चालो, ते दोन वर्षांनी बदला.

पहिली फेरी घराभोवती. दुसरी मिरजेपर्यंत, आणि तिथे गाडी थांबवून खाली वाकून गळती पाहा. तिसरी कऱ्हाडपर्यंत. घाट त्यानंतर. वडिलांची गाडी पहिल्यांदा फिरवताना मागच्या सीटवर आईला बसवा. त्या गाडीतला कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला नवा, हे घरात त्यांना सगळ्यात चांगलं आठवत असेल.

प्रश्न : ‘स्पोर्ट्स सेदान’ म्हटलं की बीएमडब्ल्यूचं नाव निघतं. मग तुम्ही सारखी मर्सिडीजच का धरून बसता? (वाई)

उत्तर : बीएमडब्ल्यूबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण तिचा भारतातला कारखाना चेन्नईजवळ २००७ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या बीएमडब्ल्यू एकेकट्याने आयात झालेल्या, त्यामुळे दोन गाड्या सारख्या सापडणं कठीण आणि एकाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी येत नाही. पिंपरीच्या १२४ गाड्या एका घडणीच्या आहेत.

आणि १२४ ला सौम्य समजू नका. मागच्या प्रत्येक चाकाला पाच वेगवेगळ्या दांड्यांनी धरून ठेवणारी रचना मर्सिडीजने आधी १९८२ च्या लहान १९० मॉडेलमध्ये आणली आणि मग हिच्यात घातली. पसरणी घाटाच्या वळणांवर गाडी रेषेवर का राहते त्याचं उत्तर तिथे आहे. याच मॉडेलची ‘५०० ई’ नावाची आठ सिलिंडरची आवृत्ती १९९० पासून पोर्शच्या मदतीने बांधली गेली. तिचे रुंद मडगार्ड मर्सिडीजच्या नेहमीच्या लाइनवर मावेनात, म्हणून ती गाडी कामाच्या मधल्या टप्प्यांत पोर्शच्या कारखान्यात जात असे. तुमच्या ई २२० चं इंजिन चार सिलिंडरचं, दीडशे हॉर्सपॉवरचं आहे, पण खालचा सांगाडा त्याच घराण्यातला. पाचही दांड्यांचे बुश चांगले असले तरच ते जाणवतं. मागचं टोक घाटात हेलकावे खात असेल तर शॉकॲब्सॉर्बर बदलण्याआधी ते बुश पाहा.

प्रश्न : आमच्या जुन्या डिझेल मर्सिडीजची चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं. गिअर टाकून क्लच सोडून बंद करावं लागतं. हे धोक्याचं आहे का? (कऱ्हाड)

उत्तर : इंजिनला धोका नाही, पण क्लचला आहे. ही सवय आजच सोडा. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही, त्यामुळे वीज तोडून ते थांबत नाही. त्याचं डिझेल तोडावं लागतं. जुन्या डिझेल मर्सिडीजमध्ये हे काम हवेच्या पोकळीने, म्हणजे व्हॅक्यूमने होतं. चावी बंद केली की चावीच्या मागची एक छोटी झडप उघडते, बारीक नळीतून व्हॅक्यूम डिझेल पंपाच्या डबीपर्यंत पोचतो आणि डिझेल बंद होतं. नळी चिरली, रबरी सांधा सैल झाला किंवा डबीचा पडदा फाटला की इंजिन चालू राहतं.

तोवर एक सोय आहे. बॉनेट उघडून डिझेल पंपाजवळचं ‘स्टॉप’चं लिव्हर दाबा. पुढे ही रीत ठेवा : हाताने ओढायचा व्हॅक्यूम पंप विकत घ्या, डबीच्या नळीला लावा आणि ओढा. इंजिन थांबलं आणि काटा जागचा हलला नाही, तर डबी चांगली आहे, दोष मागच्या नळीत. मग एकेक तुकडा वेगळा करून तपासत चावीपर्यंत जा. तुमची गाडी १२३ मॉडेलची असेल तर आणखी एक गोष्ट. त्यात दरवाज्यांची कुलपंही इंजिनच्याच व्हॅक्यूमवर चालतात, म्हणून मागच्या दारातल्या एका फाटक्या पडद्यामुळे इंजिन बंद होत नाही असंही घडतं. १२४ मध्ये कुलपांना स्वतंत्र विजेचा पंप आहे. दार लावल्यावर तो पंप बराच वेळ घरघरत राहिला, तर गळती कुलपांच्या नळीत आहे.

सकाळी उशिरा चालू होत असेल तर आधी ग्लो प्लग आणि पारदर्शक डिझेल नळ्यांचे सांधे पाहा. त्या नळ्यांमध्ये बुडबुडे धावताना दिसले तर सांध्याच्या बारीक ओ-रिंगा कडक झाल्या आहेत. नोझल उघडायची घाई नको. ते काम चांगल्या पंप रूममध्येच होतं, आणि या बाबतीत महाराष्ट्राला तोटा नाही. बॉशचा डिझेलच्या नोझलचा कारखाना नाशिकलाच आहे.

प्रश्न : आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. आमच्या १९९७ च्या पेट्रोल मर्सिडीजला ते चालेल का? (गोडोली, सातारा)

उत्तर : चालेल, पण तयारी करून. ही गाडी वीस टक्के इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनलेली नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडेल. त्याची चिंता नको. चिंता रबराची आणि पाण्याची आहे.

जुन्या रबरी इंधन नळ्या इथेनॉलने फुगतात किंवा वाळून तडकतात, आणि गळती गरम इंजिनावर झाली तर आग लागते. टाकीपासून इंजिनपर्यंतची प्रत्येक रबरी नळी बदला आणि दुकानदाराकडून इथेनॉल सहन करणारीच नळी मागून घ्या. इथेनॉल टाकीच्या तळाचा जुना मळही सोडवतं, म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदला. आपल्या सातारच्या पावसात दुसरी अडचण असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. चार महिने उभ्या गाडीत हे होतं, आठवड्याला चालणाऱ्या गाडीत नाही. जून ते सप्टेंबर टाकी भरलेली ठेवा, आणि पाऊस उघडला की आठवड्यातून एकदा वीस किलोमीटरची फेरी मारा.

आपल्याच कारखान्यांच्या आसवनीत आपल्या उसाचं इथेनॉल बनतं आहे. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, याचा मला आनंदच आहे. म्हणूनच गाडी त्या इंधनाला जुळवून घ्यावी असं मी म्हणतो.

पावसाचा विषय निघाला म्हणून : काच आणि बॉनेट यांच्या मधल्या जाळीखाली पानं साचून पाणी उतरायची भोकं बुजतात आणि पाणी गाडीत पायाशी येतं. मेच्या अखेरीस ती भोकं मोकळी करा. या गाडीला एकच वायपर आहे, जो फिरताना आत-बाहेरही सरकतो. त्याच्या आतल्या यंत्रणेला वर्षातून एकदा ग्रीस द्या. कासच्या धुक्यात तो अडकला तर दुसरा नाही.

प्रश्न : १९९५ ची मर्सिडीज ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते का? (इस्लामपूर)

उत्तर : नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडीच तशी नोंदवता येते. तुमची गाडी नेहमीच्या पद्धतीने, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी, आरटीओत तपासणी करून आणि हरित कर भरून नूतनीकरण करायची. दिल्लीतली वयाची बंदी इथे लागू नाही. तपासणीला जाण्याआधी दिवे, हॉर्न, हँडब्रेक आणि पीयूसी पाहून घ्या. या गाडीचा पार्किंग ब्रेक पायाने दाबायचा असतो आणि त्याचे छोटे लायनर मागच्या डिस्कच्या आत लपलेले असतात, ते बहुधा कुणी वर्षानुवर्षं बघितलेले नसतात.

प्रश्न : २०१९ च्या पुरात बुडालेली एक ई २२० खूप स्वस्तात मिळते आहे. घेऊन घरीच दुरुस्त करावी का? (सांगलीवाडी)

उत्तर : पाणी कुठवर चढलं होतं, यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते मालकाच्या शब्दावरून ठरवू नका. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली होती, तुमच्या गावाला तर हे मी सांगायला नको. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली, तर पाणी तेवढं चढलं होतं. सीटच्या रुळांचा गंज, हेडलाइटच्या आतली गाळाची रेषा आणि गालिच्याखालचा वास पाहा. या गाडीचं बरंचसं वायरिंग पायाखालच्या गालिच्याखालून जातं. पाणी सीटला लागलं असेल तर ती गाडी फक्त सुट्या भागांसाठी घ्या : दारं, काचा, दिवे, सीट, आणि पत्रा. चालवायची म्हणून नको. पाणी दरवाज्याच्या उंबऱ्याखाली थांबलं असेल तर विचार करण्यासारखी आहे. अशा गाडीचं डिफरन्शियलचं ऑइल एका बाटलीत काढा. दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे, पण ऑइल दोनदा बदलून आणि बेअरिंग तपासून ते सावरता येतं.

आणि तुमच्याकडे आधीच चालती गाडी असेल, तर ही सवय ठेवा. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट आहे. आकडा पस्तीसवर गेला की बॅटरी, टायर, पेट्रोल पाहून गाडी उंचावरच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवा. चाळीसला निघालेल्या लोकांना रस्त्यात गर्दी लागते. आणि गाडी हलवणं जमलंच नाही, तर निदान बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून घरात जा. पाणी उतरल्यावर कुणी काहीही म्हटलं तरी ती वायर परत लावू नका, आधी गालिचा उचला.